दुर्योधनाचा अर्ज

आमच्या शिरसीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे तिरुमलेश्वर हेगडे तालुक्यात दुर्योधन म्हणूनच प्रसिद्ध. ताळमद्दळेत, म्हणजे बैठ्या यक्षगानात, ना वेश ना नाच, मांडी घालून बसायचं आणि जिभेच्या जोरावर पुराण भांडायचं. त्यात हेगडे दुर्योधन होऊन कृष्णाची अशी बोलती बंद करत की शेवटी गाणाऱ्या भागवतांना पद सुरू करून देवाला सोडवावं लागे.

हाच माणूस संशोधनासाठी निधी मागायला बसला की त्याची शेळी होई. 'कदाचित उपयोग होऊ शकेल. आपणांस योग्य वाटल्यास विचार व्हावा.' आमच्याकडे नम्रपणा पेजेतून पाजतात, त्याचा हा परिणाम. दिल्लीवाले दर वेळी अर्ज परत पाठवत.

इकडे प्राचार्य शानभागांचा डोळा कॉलेजमागच्या जागेत हेगड्यांनी जपलेल्या सुपारीच्या झाडांवर. पावसात कोळेरोगाने बागाच्या बागा कुजतात, पण ही मूठभर झाडं टिकली होती. ती का टिकली, हे हेगड्यांना शोधायचं होतं. शानभागांना तिथे गाड्या लावायच्या होत्या. "यंदा निधी आला नाही तर झाडांवर कुऱ्हाड," त्यांनी सांगून टाकलं.

नवा अर्ज हेगड्यांनी आम्हाला ओसरीवर वाचून दाखवला. मी रसायनशास्त्राचा माणूस, मला डुलकी लागली. त्यांची बायको त्रिवेणीअक्का फणस सोलत होती.

"अहो, हा अर्ज आहे की वर्गणी चुकवायची सबब?"

"मला मागता येत नाही गं. ताळमद्दळेत जन्मभर नाहीच म्हणत आलो."

"मग नाहीच म्हणा. दुर्योधन व्हा आणि हाच अर्ज फेटाळा बघू."

हेगडे ताठ बसले. मांडीवर थाप पडली.

"काय रे तिरुमला! झाडं टिकली ती गुणाने, की उतारावर पाणी साचत नाही म्हणून? शेजारी साधी रोपं लावून पाहिलीस? आणि हे 'कदाचित' काय? तुलाच खात्री नाही, तर मी खजिना कशाला उघडू?"

मी टाळ्या वाजवल्या. हेगड्यांचा चेहरा मात्र पडला. साधी रोपं शेजारी लावायचं त्यांना खरंच सुचलं नव्हतं. आम्ही इतके दिवस भाषेला नावं ठेवत होतो आणि भोक होतं प्रयोगातच.

"आता द्या त्याला उत्तर," अक्का म्हणाली.

त्यांनी दिलं. काय हवंय ते पहिल्याच ओळीत. मग दुर्योधनाचा एकेक आक्षेप आणि त्याखाली उत्तर: त्याच उतारावर दोन्ही जातींची रोपं शेजारी शेजारी लावणार, मुद्दाम रोग सोडणार, कोण कुजतं ते मोजणार. सगळे 'कदाचित' फणसाच्या काटेरी सालीच्या चारखंडांबरोबर गोठ्यात गेले.

निधी मंजूर झाला. मला इतका आनंद झाला की मी हेगड्यांना भर वर्गात मिठी मारली.

संध्याकाळी शानभाग हार घेऊन आले. "अभिनंदन मारायरे, अभिनंदन महाराज! आता कडेची एक पट्टी तरी सोडा. फक्त माझ्या गाडीपुरती."

हेगड्यांनी हात जोडले. मला वाटलं, आता हा 'बघूया' म्हणणार.

मग मांडीवर थाप पडली.

"सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन मिळणार नाही!"