दोनशे पाचचे टायर आणि कांद्याची गोणी

रिम बदलायच्या नाहीत, हे सरांनी दुकानात शिरतानाच सांगून टाकलं.

गाडी त्यांची दोन सीटांची, लाल, बुटकी. इतकी बुटकी की उतरताना ते आधी एक पाय बाहेर टाकायचे आणि मग दार धरून उरलेलं अंग ओढून काढायचे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. बाहेरच्या देशातून आलेली, कंपनीनं केव्हाच बंद केलेली. रिम मूळच्या होत्या, पुन्हा मिळणार नव्हत्या. त्यांच्यावरच जास्त रुंद टायर घालायचे होते.

शेठ म्हणाले, "आमचा नागपूर बघेल." नाशकात विदर्भातला कुणीही आला की त्याचा नागपूर होतो. माझं गाव नागपूरपासूनही बसनं दिवसभर पुढे, जंगलाला लागून. आठवीत शाळा सोडली, गावातल्या एकाच्या ओळखीनं इथे नाशकात अंबडला कारखान्यात लागलो, ते काम सुटलं आणि गंगापूर रोडवरच्या या टायरच्या दुकानात आलो. शेठनी माळ्यावर झोपायला जागा दिली. त्यांच्या घरून माझाही डबा यायचा. कुठवर शिकलास, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. त्यामुळे असेल, माझ्या हातून काही चुकलं तर ते त्यांच्या नावावर जाईल, ही धास्ती मला कायम असायची. आवळलेले नट मी पुन्हा आवळून बघायचो. बाकीचे हसायचे.

सरांचं झालं होतं असं की वणीच्या गडावरून येताना घाटातल्या वळणावर गाडी मागून घसरली होती. रस्ता ओला, टायर जुने, वाळून कडक झालेले. गाडी कठड्याच्या अलीकडे थांबली. कुणाला काही लागलं नाही. पण त्या दिवसापासून काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, त्या गाडीत बसल्या नव्हत्या. सर एकटेच फिरायचे, काकू रिक्षानं.

"पकड वाढली की ती बसेल," सर मला म्हणाले. "मला बाकी काही नको. तिनं बसायला हवं."

त्यांना दोनशे पंचवीस मिलिमीटर रुंदीचे हवे होते. मूळ माप एकशे पंच्याऐंशीचं, रिम सहा इंची. एवढ्याशा रिमवर तेवढा टायर चढतो, पण पावासारखा फुगतो आणि वळणावर डुलतो. सर वाचून आले होते, त्यांनी वाद घातला नाही. मग दोनशे पाचवर ठरलं. रुंदी वाढवायची आणि टायरची उंची थोडी कमी घ्यायची, म्हणजे चाकाचा घेर साधारण तेवढाच राहतो आणि मीटर खोटं दाखवत नाही. माप मीच सुचवलं होतं. शेठनी दोनशे पाच मागवले, सोबत एकशे पंचाण्णवचेही ठेवून घेतले. ते दुसऱ्या गाड्यांना खपतात.

रुंद टायर मडगार्डला आतून लागतो की नाही, हे बघायची आमची एक रीत होती. शेजारच्या पोळीभाजी केंद्रातून मळलेली कणीक आणायची, तिच्या पट्ट्या मडगार्डच्या आत चिकटवायच्या, गाडीत माणसं भरायची, स्पीडब्रेकरवरून न्यायची, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायचं आणि परत येऊन कणकेवर घासल्याची खूण आहे का ते बघायचं. माणसं भरायचीच. शेठ म्हणायचे, रिकाम्या गाडीला सगळेच टायर बसतात.

टायर चढवले. सर चालवायला बसले. शेजारची सीट रिकामी.

"वहिनींचं वजन किती असेल, सर?" शेठनी विचारलं.

सरांनी स्टेअरिंगकडे बघितलं. "पन्नास."

शेठ काकूंना ओळखत होते. तरी म्हणाले, "पन्नास तर पन्नास." भाजीवाल्याकडून तेवढ्या कांद्यांची गोणी आली. ती सीटवर ठेवून मी तिला बेल्ट लावला. सर एक फेरी मारून आले. मी वाकून बॅटरीच्या उजेडात चारही चाकांवर पाहिलं. कणीक कोरी होती, पुढच्या डाव्या चाकावर फट फार थोडी होती, पण होती. सरांनी टायरवर थाप मारली आणि काकूंना फोन लावला. त्या पंचवटीत बाजाराला गेल्या होत्या. म्हणाले, घरी जाऊ नकोस, इथे ये, गाडी बघ.

काकू रिक्षातून उतरल्या. हातात पालेभाज्यांची पिशवी. गाडीत वाकून पाहिलं.

"हे कोण?"

"कांदे आहेत, वहिनी," शेठ म्हणाले. "वजनाला ठेवलेत."

"कुणाच्या वजनाला?"

शेठ टायरच्या चळतीकडे बघायला लागले.

"किती किलो?"

मला वाटलं, हा साधा प्रश्न आहे. मी म्हणालो, "पन्नास."

"लग्नात होते तेवढी," काकू म्हणाल्या. "आता बहात्तर आहे. ह्यांना माहीत आहे. दवाखान्यात काट्याजवळ हेच उभे होते."

"अगं, चारचौघांत कशाला सांगायचं..."

"चारचौघांत नका सांगू. टायरवाल्याला तरी सांगायचं."

पोळीभाजी केंद्रातल्या मावशी दारात येऊन उभ्या होत्या, त्या हसल्या. सरही हसले, पण उशिरा.

"वीस-बावीस किलोनं असं काय होणार आहे?" ते मला म्हणाले. काही होऊ नये असंच मलाही वाटत होतं.

काकूंनी पिशवी माझ्या हातात दिली. "ती गोणी काढ. मी बसते. पण एक फेरी फक्त." आणि त्या बसल्या, घाटानंतर पहिल्यांदा. बसताना त्यांनी दाराची कड घट्ट धरली होती. मी नवी कणीक लावून दिली आणि पिशवी धरून फुटपाथवर उभा राहिलो. मेथीला पाणी मारलेलं होतं, माझी पँट ओली झाली.

परत आल्यावर मी खाली वाकलो. पुढच्या डाव्या चाकावरची कणीक बोटभर लांब घासली गेली होती, गुळगुळीत झाली होती. मी वाकलेलाच राहिलो. माप माझं होतं. टायर शेठचे होते, आणि रस्त्याची धूळ लागलेले टायर नवे म्हणून विकता येत नाहीत.

"लागतंय, सर."

"किंचितच असेल. चालता चालता जागा करेल."

काकू अजून गाडीतच होत्या. त्यांनी काचेतून मला विचारलं, "घाटात, भरल्या गाडीत, पूर्ण वळवलं तर?"

"जास्त लागेल."

"टायर कापला जाईल?"

"लगेच नाही. पण जाईल."

सर म्हणाले, "तुझ्यासाठीच करत होतो हे सगळं."

"मी रुंद टायर मागितले होते?" काकूंचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी मी हळू म्हणाले होते. वरपासून म्हणत होते. तुम्ही म्हणालात, घाबरू नकोस, गाडीला सवय आहे."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत सगळे थांबले. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "एकशे पंचाण्णव घाल."

शेठनी मला फक्त जॅक घ्यायला सांगितलं. दोनशे पाचचं पुढे काय झालं, ते त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. हे मी विसरलेलो नाही. आजही कुणी रुंद टायर मागितला की मी आधी विचारतो, शेजारी कोण बसतं. लोकांना वाटतं, मी गप्पा मारतोय.

काम चालू असताना काकू स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. गाव कुठलं, घरी कोण, असं विचारत राहिल्या. मी सांगितलं, आई आहे, फोनवर फक्त जेवण झालं का तेवढंच विचारते. "मग तू काय सांगतोस?" म्हणाल्या. मी म्हणालो, झालं म्हणून सांगतो. त्यावर त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या फेरीला कणीक कोरी आली. सर बसलेले, काकू बसलेल्या, शिवाय काकूंच्या पायाशी ती कांद्यांची गोणीही मीच ठेवायला लावली होती. शेठ म्हणाले, "नागपूर, आता पोळ्या लाटतोस का त्या कणकेच्या?"

गोणी उतरवली. सरांनी गाडी चालू केली, पण काकू उतरल्या नाहीत. "घरापर्यंत येते," त्या म्हणाल्या. "वणीचं आत्ताच बोलू नका. आणि मी हळू म्हटलं की उत्तर द्यायचं नाही."

"बरं."

"हेही उत्तरच आहे."

सरांनी नुसता गिअर टाकला. गाडी रस्त्याला लागली ती इतकी सावकाश, की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. सरांनी हात बाहेर काढून त्याला पुढे जायला सांगितलं.