आधीच निवडलेलं 'नाही'

सिन्नरच्या स्टँडसमोर एक ओळखीचे काका लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. मी नाशिकला असे फॉर्म बनवतो, म्हणून अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बसतो. त्यांचं टायपिंग भराभर. पण एखादं उत्तर आधीच निवडलेलं दिसलं की माउसवरचा हात उचलतात आणि प्रश्न मोठ्यानं वाचतात. फक्त जिल्हा 'नाशिक' आलेला असला की खूश. "हे लय बरं केलं."

परवा एक मुलगी आईबरोबर कॉलेजचा फॉर्म भरायला आली. फॉर्म माझाच होता. 'वसतिगृह हवे?' यापुढे मी 'नाही' निवडून ठेवलं होतं. बहुतेकांना नकोच असतं.

"राहू द्या जे आलंय ते," मुलगी म्हणाली.

काकांनी स्क्रीन तिच्याकडे फिरवला. "हे तू नाय म्हणली, पोरी. फॉर्म म्हणतोय. तुझं काय?"

"तिथं राहायला देतात?" तिनं आईकडे पाहिलं. आईनं होकारार्थी मान हलवली. "मग पाहिजे."

ती गेल्यावर मी म्हणालो, "रिकामं ठेवलं तर माणसं तिथं अडकतात."

"अडकू द्या. अडकला की माणूस इचारतो."

घरी आल्यावर मी ते 'नाही' काढून टाकलं. जिल्हा तेवढा राहू दिला.