आमच्या गाडीला उसाच्या ट्रॉलीचं हाड

आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर बैलजोडी उभी केली तरी ती खचणार नाही. फक्त दुधाचा कॅन तिथं उभा राहत नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. मागं राहिलेल्या बायका वाळक्या कडब्यावर म्हशी जगवून तांब्या-तांब्यानं दूध जमवत होत्या, आणि त्यांच्या दूध संस्थेची चेअरमन होती आमची सुमन. (घरात ती आधीपासूनच होती, निवडणूक फक्त बाहेरची झाली!) एवढ्याशा दुधासाठी टेम्पो येईना. घाटनांदूरपलीकडच्या शीतकरण केंद्राकडून निरोप आला, परवा सकाळी दूध पोचलं नाही तर तुमच्या गावचं संकलन बंद. सुमनचा चेहरा उतरला. मला तो बघवेना.

"आपली गाडी आहे की!" मी म्हणालो.

मागच्या सीटची घडी घातली, पाण्यानं भरलेले दोन कॅन ठेवले आणि गावातून चक्कर मारली. पहिल्याच खड्ड्यात सीटची पाठ खचली, कॅन आडवे झाले. ऐन दुष्काळात गाडीतून पाणी सांडत जाणारा मास्तर गावानं पहिल्यांदाच पाहिला!

तसाच लतीफभाईंच्या वर्कशॉपवर गेलो. त्यांची सगळी हयात उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात गेलेली.

"गुर्जी, वजन किती घालनार?"

दोनच कॅन म्हणायची मला लाज वाटली. "ऊस भरला तरी हलायला नको!" मी रुबाबात म्हणालो.

"मग फिकीरच नको!"

लतीफभाईंनी ते मनावर घेतलं. खाली लोखंडी चॅनल, त्यावर अँगलची चौकट, वर जाड पत्रा. गाडी मागून बसली आणि पुढून आभाळाकडं बघू लागली. त्यांनी आत शिरून गुडघ्यांवर उड्या मारून दाखवल्या. सीट जागची हलली नाही. माझी छाती फुगली!

ठरल्या सकाळी बायका कॅन घेऊन आल्या. मी ऐटीत मागचं दार उघडलं. कॅन उचलला, आत सारला, आणि त्याचं झाकण छताला अडकलं! चौकट इतकी उंच झाली होती की कॅन उभा मावेना.

"आडवा ठेवू की," मी म्हणालो.

"दूध हाय ते गुर्जी, उशी न्हाई!" शेजारच्या गोदाकाकू कडाडल्या.

"मापं कावून घेतली न्हाईत?" सुमननं विचारलं.

"घेतली की! लांबी, रुंदी..."

"आन कॅनाची उंची?"

मी वर आभाळाकडं पाहिलं. तिथंही काही नव्हतं.

नटबोल्ट खोलायला गेलो, तर लतीफभाईंनी त्यांच्यावरही वेल्डिंग मारलेलं! ऊन चढत होतं, दूध नासायची भीती. सुमननं पदर खोचला. एक कॅन पुढच्या सीटवर, दुसरा त्याच सीटच्या पुढ्यात खाली, दोन्ही चऱ्हाटानं आवळले आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. (माहेरी तिनं ट्रॅक्टर चालवलाय. गाडीही ती तशीच चालवते!)

"अगं, आणि मी?"

"तुमी मागनं कॅन धरा. लई मजबूत जागा केलीया न्हवं!"

मग मी त्या पत्र्यावर पालथा पडलो, पुढच्या सीटला हातांनी वेढा घालून कॅनाला मिठी मारली आणि वाटेतला एकेक खड्डा पोटावर झेलला. खचली नाही ती फक्त सीट.

केंद्रावर दूध तपासलं. चांगलं निघालं! संकलन चालू राहणार म्हटल्यावर सुमन अशी हसली की माझं पोट दुखायचं थांबलं. तेवढ्यात कॅन उतरवणारा हमाल मागच्या दारातून डोकावला आणि माझ्या तळपायांकडं बघत म्हणाला, "बाई, हे बी उतरवायचं का?"

"न्हाई," चेअरमनबाई म्हणाल्या, "ते रिकाम्या कॅनासंगं वापस न्यायचंय."