पाण्याच्या मोटरचा प्रोग्राम

मी कंप्युटर शिकायला लागले तेव्हा पंचेचाळिशीला आले होते. मुक्त विद्यापीठाच्या कोर्सला नाव घातलं होतं, रविवारी वर्ग असायचा. वर्गात सर पुस्तक वाचून दाखवायचे आणि मशीनला हात लावायला रांग असायची. रांगेतली मुलं मला पुढे सोडायची, 'आंटी, आप पहले', आणि मग मागे उभी राहून माझं काय चुकतंय ते बघायची. ते काही मला जमेना. म्हणून दिल्लीच्या कंपुटर बाजारात, नेहरू प्लेसला जाऊन एक जुना डबा घेऊन आले. डबाच म्हणायचा तो, झाकणाचे दोन स्क्रूही नव्हते त्याला. एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे कंप्युटर चालवायच्या मोफत सिस्टिमची, सीडी फुकट मिळायची, ती त्यात घातली. पहिल्यांदा घातली तेव्हा डिस्कवर होतं नव्हतं ते सगळं पुसलं गेलं. नशीब, त्यात माझं काही नव्हतंच.

आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत. रामकृष्णपुरमच्या क्वार्टरमधून आम्ही नुकतेच द्वारकेत राहायला आलो होतो. तिला तेव्हा द्वारका कुणी म्हणत नसे, पापनकलां म्हटलं तरच ऑटोवाला यायला तयार व्हायचा, तोही तोंड वाकडं करून. सोसायटी सगळी सरकारी नोकरांची. दोन-तीन मंत्रालयांतल्या लोकांनी मिळून जमीन घेतलेली, त्यामुळे कारभारही मंत्रालयासारखाच. जिन्यातला बल्ब बदलायचा तरी अर्ज, अर्जावर शेरा, मग ठराव. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

पाण्याचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. सरकारी पाइपला पाणी कधी यायचं, कधी नाही. नाही आलं की टँकर. जे येईल ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडायचं आणि तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. हे काम चाचांचं. चाचा गढवालचे, साठीचे, पंप ऑपरेटर. सगळी सोसायटी त्यांना चाचा म्हणायची आणि ते मला बहनजी म्हणायचे. या नात्याचा हिशेब कुणी कधी लावला नाही. मोटरच्या खोलीमागेच त्यांना राहायला एक खोली दिलेली होती, तिथे ते आणि त्यांची बायको राहायचे. म्हणजे नोकरी आणि घर एकाच किल्लीत.

वरच्या टाकीत किती पाणी आहे हे बघायला चाचांना दिवसातून चार वेळा पाच मजले चढावे लागायचे. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. आमच्या दारासमोरच्या पायरीवर ते गुडघा धरून टेकायचे. एकदा पाणी देताना मी म्हटलं, "चाचा, टंकी खुद बता दे कि खाली हो गई, तो?"

"बहनजी, टंकी बोलने लगे तो मैं उससे और भी बातें करूँ," ते म्हणाले.

कोर्सला प्रोजेक्ट द्यायचाच होता. पोरं लायब्ररीचे नाही तर पगाराचे प्रोग्राम करत होती. मी टाकीचा घेतला.

मासिकात वाचलं होतं की प्रिंटर जोडायचं जे भोक असतं त्यातून कंप्युटरला बाहेरचा सिग्नल आत घेता येतो आणि आतला बाहेर देता येतो. मग मी तांब्याच्या तीन तारा वरच्या टाकीत वेगवेगळ्या उंचीवर सोडल्या. पाणी ज्या तारेला लागेल तिच्यावरून कळायचं टाकी किती भरली. रस्त्यावर टेलिफोनवाल्यांनी खणून टाकलेल्या वायरचे तुकडे जोडून जोडून गच्चीपासून खाली मोटरच्या खोलीपर्यंत आणले आणि डबाही तिथेच नेऊन ठेवला. एक सर्किट जळलं, दुसरं मीच उलटं जोडलं. मोटरच्या स्टार्टरला हात लावायला मात्र इलेक्ट्रिशियन बोलावला, तेवढी अक्कल होती. तारांवर चार दिवसांत हिरवट थर चढायला लागला, तर चाचांना चिंच दिली. आपण तांब्या घासतो तशा आठवड्यातून एकदा घासायच्या. ते म्हणाले, कंप्युटरको खटाई खिलानी पडती है, ये किसीने नहीं बताया.

प्रोग्राम आधी पूर्ण आपोआप चालणारा होता. टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद. चाचणी बघायला सोसायटीचे सेक्रेटरीसाहेब आले होते. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, शिस्तीचे गृहस्थ, वाईट माणूस नव्हे. जिना चढताना ते यांना म्हणाले, "भाभीजी ने तो कमाल कर दिया. अब ऑपरेटर की पोस्ट ही नहीं चाहिए."

हे घरी येऊन मला म्हणाले, "अगं, तुझ्या मशीननं चाचांची नोकरी खाल्ली की."

मी दुसऱ्या दिवशी खाली गेले आणि प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. वरची टाकी रिकामी झाली की कंप्युटरनं शिटी वाजवायची, पण मोटर लावायची नाही. कुणीतरी येऊन एंटरचं बटण दाबेपर्यंत थांबायचं. चाचांना दाखवलं: शिटी वाजली की हे दाबा. त्यांनी मान हलवली. कमिटीला मी सांगितलं की माणसाशिवाय हे चालत नाही. खोटं बोलले. पण गुडघेही वाचले आणि पोस्टही, असं मला वाटलं, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आता माझी चूक ऐका. लिनक्सवाल्यांचा रिवाज असा की आपण लिहिलेला प्रोग्राम उघडा ठेवायचा. ज्याला हवा त्यानं घ्यावा, वाचावा, सुधारावा, सुधारलेलं परत पाठवावं. दिल्लीच्या लिनक्सवाल्यांची एक मेलिंग लिस्ट होती, एकानं पत्र टाकलं की सगळ्यांना जायचं आणि नेटवर कुणालाही वाचता यायचं. मला तो रिवाज फार आवडला होता. कुणी वय विचारत नसे, रांग नव्हती. मी माझा प्रोग्राम तिथे टाकला. तिथेच थांबायचं की नाही? तर सोसायटीच्या नोटिस बोर्डावर कागद लावला, की आपल्या मोटरचा प्रोग्राम या पत्त्यावर सर्वांसाठी खुला आहे. सरकारी लोकांना वाटतं नोटिस बोर्ड कुणी वाचत नाही. सेक्रेटरीसाहेब वाचायचे.

आठवड्यात पुण्याच्या कुणा मुलाचं उत्तर आलं. फार नम्र. मॅडम, प्रोग्राम छान आहे, पण एका ठिकाणी विनाकारण थांबतो, ते थांबणं मी काढून टाकलं आहे, सोबत सुधारणा जोडली आहे. आम्ही लोक याला पॅच म्हणतो, ठिगळ.

पॅच नाकारता येतो, पण कारण चारचौघांत द्यावं लागतं. मी दिलं. लिहिलं की ही ओळ एका माणसाच्या नोकरीसाठी मुद्दाम घातली आहे, ती राहू दे. खोटं लिहायला मन होईना, इतके लोक वाचतात म्हणून.

दोन दिवसांनी सेक्रेटरीसाहेब दोन्ही पत्रं छापून घेऊन दारात. "भाभीजी, आपकी समस्या पूनावालों ने हल कर दी थी. आपने मना कर दिया?" मग जाता जाता, "रविवारी आमसभा है, वहीं बात करेंगे." आमच्याकडे येऊन येऊन त्यांच्या तोंडी असे काही मराठी शब्द बसले होते.

शनिवारी सकाळी चाचा आले. नेहमी पायरीवर बसायचे, त्या दिवशी उभेच राहिले.

"बहनजी, सब कह रहे हैं कि वो बटन आपने मुझ पर तरस खाकर लगाया."

"तरस नहीं, चाचा. नौकरी जा रही थी."

"मैं क्या सिर्फ़ बटन दबाता हूँ?"

मी म्हटलं, मग आणखी काय करता?

"सीटी बजती है तो पहले बाहर जाकर नीचे की टंकी का ढक्कन उठाता हूँ. पानी है तो बटन दबाता हूँ. नहीं है तो टैंकर वाले को फ़ोन करता हूँ. सूखी मोटर चला दूँ क्या? जल जाएगी." मग जरा हळू, "आपने कभी पूछा नहीं, तो मैंने सोचा आपको पता है. इसीलिए तो मशीन रुकती है."

माझा प्रोग्राम फक्त वरची टाकी बघत होता. खाली पाणी आहे की नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. पूर्ण आपोआप चालला असता तर टँकर उशिरा येण्याच्या पहिल्याच दिवशी मोटर जळली असती. मी दयेनं घातलेल्या ओळीत हा माणूस रोज आपलं काम करत होता, आणि मी चारचौघांत लिहून मोकळी झाले होते की तिथे काही काम नाही. त्यांना आत या म्हटलं, ते आले नाहीत. "कल सभा में ये बोल दीजिएगा," म्हणाले आणि गेले.

सभा खाली शेडमध्ये, सतरंज्यांवर. सेक्रेटरीसाहेबांनी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. मी उठले आणि सांगितलं की मी नोकरीचं कारण दिलं ते मला तेव्हा खरं वाटत होतं, पण खरं कारण निराळं आहे, आणि ते मला काल चाचांकडून कळलं. मग खालच्या टाकीचं सांगितलं.

"तो नीचे भी तार डाल दीजिए," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. प्रश्न रास्त होता.

उत्तर चाचांनीच दिलं, मागून, उभ्या उभ्या. खाली टँकरचा गाळ बसतो. वरच्या तारा आठवड्याला घासाव्या लागतात, खालच्या रोज लागतील. "रोज़ नीचे उतरूँगा ही, तो झाँककर देख भी लूँगा, साहब."

"और जिस दिन आप छुट्टी पर हों?"

"उस दिन आप दबाइएगा, सर," आमचे हे म्हणाले, "ढक्कन उठाकर."

लोक हसले. सेक्रेटरीसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. हात वर करून मतं झाली. चाचा राहिले. खोलीही राहिली.

पण आमची सोसायटी ती, नुसतं राहिले म्हणून कसं चालेल? लेखी पाहिजे. सेक्रेटरीसाहेबांनी मला विचारलं, ती ओळ कितवी? मी छापील कागदावर मोजून सांगितलं, एक्केचाळिसावी. त्यांनी रजिस्टरात ठराव लिहून घेतला: मोटरच्या प्रोग्राममधील ओळ क्रमांक एक्केचाळीस आमसभेच्या मंजुरीशिवाय काढू अथवा बदलू नये. सूचक, अनुमोदक, सह्या. चाचांनीही साक्षीदार म्हणून सही केली, सावकाश, सगळं वाचून.

लिस्टवर मी नवं कारण कळवलं. पुण्याच्या मुलानं लिहिलं की हे मला सुचायला हवं होतं. मी लिहिलं, मलाही.

पुढे प्रोग्राममध्ये बरीच भर पडली. मोटर किती वेळ चालली त्याची नोंद, वीज गेली तर काय करायचं, असं काय काय. नवीन ओळी वर घातल्या की एक्केचाळीसची बेचाळीस व्हायची आणि ठराव मोडायचा. सेक्रेटरीसाहेबांना मी एकदा समजावून बघितलं, ते म्हणाले, तर मग दुरुस्तीचा ठराव आणा, एकवीस दिवसांची नोटीस लागेल. म्हणून जे काही लिहायचं ते मी त्या ओळीच्या खाली लिहीत गेले. जाणकार मंडळी लिस्टवर म्हणायची, मॅडम, तुमच्या प्रोग्रामला डोकं लहान आणि पोट फार मोठं आहे. मी म्हणायची, असू दे.