सात मिनिटांची गाडी आणि अकरा खिशांचा कोट

खरं सांगा, घरात मोठा प्रवास ठरला की सगळ्यात आधी कुणाचं नाव कापता तुम्ही? ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याचं, ज्याच्या खाण्याची कटकट असते त्याचं. कापता आणि वर म्हणता, त्यांनाच झेपायचं नाही हो.

ही गोष्ट नाव कापू न देणाऱ्या एका बाईची. शिवणकाम तिचा धंदा. खाली दुकान, वर घर. कच्चे टाके घालून अंगावर ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिलाई मारायची नाही, हा तिचा धर्म.

तिच्या सासऱ्यांनी एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. निवृत्त झाले आणि एका सकाळी चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, आता दूध बंद. दही, तूप, अंडी, मध, मटण, सगळंच बंद. दूध काढताना वासरं ओढून बांधतात, ते बघून बघून जीव विटला होता त्यांचा. दुधावर आयुष्य काढलं आणि व्हीगन झाला म्हणून गल्ली पोट धरून हसली. सून हसली नाही. तिने सोयाबीनच्या दुधाचा चहा करून पाहिला. तिसऱ्या आठवड्यात तो फाटेनासा झाला.

मग निघाली युरोपची टूम. रेल्वेने, तेरा दिवस, नऊ ठिकाणी गाडी बदलायची. आखणी थोरल्या दिरांची, कारण लॅपटॉप त्यांचा. जेवताना ते म्हणाले की एका ठिकाणी गाडी बदलायला सातच मिनिटं आहेत, त्यात बाबांचं खाणं कोण शोधत बसणार? सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली नाही. मला कुठे ते बर्फबिर्फ बघायचंय, म्हणाले, तुम्ही जाऊन या.

सुनेच्या मस्तकात तिडीक गेली. सासऱ्यांच्या उशीखाली युरोपच्या रेल्वेचा नकाशा असतो, हे तिला ठाऊक होतं. घडीवर विरला, तेव्हा मागून कापड चिकटवून तिनेच सांधला होता.

"भाऊजी, ट्रायल न घेताच कोट बसत नाही म्हणणारा शिंपी मी अजून पाहिला नाही. रविवारी ट्रायल."

रविवारी दुकानाचं स्टेशन झालं. इस्त्रीचं टेबल ही एक गाडी, कापायचं टेबल ही दुसरी. मधला पूल म्हणजे जिना चढून वर जायचं, घरातून फिरून मागच्या जिन्याने खाली यायचं आणि पुढच्या शटरमधून दुकानात शिरायचं. भरलेल्या बॅगा घेऊन, सात मिनिटांत. आणि सकाळपासून सगळ्यांनी बाबांचंच खाणं खायचं. शिट्टी आणि घड्याळ तिच्या नवऱ्याकडे. तो बिचारा लग्नापासून तिच्याच वेळापत्रकावर धावतोय.

सासऱ्यांच्या अंगात तिने शिवलेला कोट. खिसे अकरा. शेंगदाणे, खजूर, पाव, केळी, सगळ्याला आपापली खोली. आतल्या खिशात कापडी चिठ्ठी, त्यावर चार भाषांत भरतकाम: दूध, लोणी, अंडी, मध, मांस नको. मजकूर भाषा शिकवणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून मागून आणलेला.

शिट्टी झाली. दिरांच्या बॅगेच्या चाकात दोऱ्याचं रीळ अडकलं आणि जिनाभर लाल दोरा त्यांच्या मागोमाग चढला. वर पोचल्यावर चार्जर आठवला. चार्जर शोधता शोधता फ्रिजही आठवला. चीजचा तुकडा तोंडात कोंबून ते खाली आले, तोवर नवऱ्याने खाली वीतभर फट ठेवून शटर ओढलं होतं. गाडी गेली.

आत कापायच्या टेबलावर सासरे पाय हलवत केळं सोलत बसलेले. साडेचार मिनिटांत पोचले होते. टँकरवाल्याला दूध नासायच्या आत पोचायची सवय.

शटरखालून दिरांचा हात आत आला. "बाबा, त्या खिशात काय आहे?"

"खजूर." सासऱ्यांनी दोन त्यांच्या तळहातावर ठेवले. "पण तू घरीच थांब बाळा. तुला झेपायचं नाही."

नवऱ्याच्या तोंडातून हसता हसता शिट्टी उडाली. शटरबाहेर जमलेली गल्ली तर खालीच बसली. दीर आधी लाल झाले, मग तेही तिथेच फतकल मारून हसू लागले. त्याच दिवशी लॅपटॉपवर सासऱ्यांचं नाव चढलं, खिडकीच्या जागेसकट. सुनेने दिरांसाठीही कोट बेतायला घेतला. त्याला खिसे चौदा.

तेव्हा तुमच्या यादीतही एखादं नाव कापलेलं असेल, तर आता उठा, ते परत लिहा आणि त्या माणसाला एकदा तरी धावून दाखवू द्या.