मास्तरांची खिंड

भूगोलाचे मास्तर नकाशावर एखाद्या चिंचोळ्या खिंडीवर छडी टेकवत आणि विचारत, "इथं कडी घातली तर?" मग उत्तरही स्वतःच देत, "पलीकडचा राजा कितीही मोठा असो, मुकाट्यानं पाय धरतो!" हे वाक्य त्यांना इतकं आवडे, की शेवटी ते त्यांनी घरी आणलं.

घराचा नकाशाही तसाच होता. पुढचा भाग मास्तरांचा, मागची खोली आणि परस धाकट्या भावाचं. धाकटा शिंपी, आई त्याच्याकडे. रस्त्यावर जायची वाट मात्र मास्तरांच्या बैठकीतून. एकदा शिंप्याचं गिऱ्हाईक चिखलाच्या बुटांनी सतरंजी तुडवत गेलं. मास्तर भडकले. धाकटा म्हणाला, "दादा, वाट काय तुझ्या एकट्याची आहे?"

झालं! मास्तरांनी मधल्या दाराला कडी घातली.

"बघ, कसा शरण येतो!"

"अहो, भाऊ आहे तो तुमचा, शत्रुराष्ट्र नव्हे," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. डोळ्यांचं औषध आणायला निघालेली आई परसाच्या भिंतीवर बसली होती. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. खालून दूधवाला ओरडत होता, "आजी, उडी मारू नका, मी धरतो!" सगळी आळी बघत होती. मास्तर पटकन खिडकीखाली वाकले. आपण खिडकीत दिसलो, तर काय तोंड दाखवायचं?

कडी तेव्हाच काढायला हवी होती. पण काढली की काहीतरी बोलावं लागणार! बोलायचं काय, ते ठरेपर्यंत मागून घणाचे घाव ऐकू आले. धाकट्यानं भिंत फोडून आळीकडे दार काढलं. वाट अडवली की व्यापारी दुसरी शोधतात आणि जुनं बंदर ओस पडतं, हा धडा मास्तर परीक्षेला येत नाही म्हणून दरवर्षी गाळत.

आता सतरंजी स्वच्छ होती. येताजाता "चहा घेतलास का रे?" विचारणारी आईही तिकडूनच जायला लागली. मास्तरांनी कडी काढली, दार सताड उघडं ठेवलं. कुणी फिरकलं नाही.

शेवटी ते आळीला वळसा घालून नव्या दारात गेले. धाकट्यानं मशीनवरून मान वर केली नाही.

"माप द्यायचंय?"

"नाही रे. चुकलं माझं."

मशीन थांबलं. आतून आई म्हणाली, "उंबरा ओला आहे. जपून पाय टाक."

मास्तरांनी बूट बाहेरच काढले.