न खाल्लेली जिलेबी

माझे वडील कशालाही घाबरत नसत. हे कुणी सांगायची गरज नव्हती, ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगत. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते मुकादम होते. तिथे कुणी इंजेक्शन घेताना डोळे मिटले, तर ते महिनाभर त्याची टर उडवत.

मी मॅट्रिकला असताना त्यांनाच हर्निया झाला. उल्हासनगरच्या कॅम्पात, जुन्या लष्करी बराकीत, सिंधमधून आलेल्या एका डॉक्टरांनी सहा खाटांचा दवाखाना थाटला होता. तिथे ऑपरेशन ठरलं. आईने देवापुढे साखर सोडली. टाके निघेपर्यंत गोडाचा कण तोंडात घालणार नाही! तिला चहा लागे गोडमिट्ट. आता ती एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून चहा पिई.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही दोघी त्यांच्यापाशी होतो. "त्यात काय आहे? दुधी चिरतात तसं चिरणार," असं म्हणत त्यांनी आईचं मनगट असं काही आवळलं, की तिच्या दोन हिरव्या बांगड्या वाढल्या. शेजारणीला तिने सांगितलं, धुणं धुताना दगडावर आपटल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातली चार माणसं भेटायला आली आणि नेमके तेव्हाच डॉक्टर हातात काचेची नळी घेऊन आले. निळ्या औषधात लघवी उकळून ते साखर तपासत. नळीतलं पाणी विटकरी झालं होतं.

"मुकादमसाहेब, परवा तर निळा होता. गोड काय खाल्ला? सच बोलो."

"अहो, पाणीसुद्धा घोटभरच मिळतंय!"

"मग शरीर घाबरला," डॉक्टर म्हणाले. "बिमारी, चाकू, भीती, त्याला सगळा एकच. किडनीच्या डोक्यावर छोट्या गाठी असतात, त्या रस सोडतात. मग लिव्हर कोठार उघडतो आणि साखर रक्तात येते. दोन-चार दिवसांत जाईल. त्यात शरम कसली?"

चारही पाहुण्यांचे चेहरे हळूहळू फुलू लागले. वडिलांनी ते पाहिलं.

"जिलेबी खाल्ली," ते म्हणाले. "पावशेर."

ऑपरेशन झाल्यापासून आई त्या खाटेजवळून हलली नव्हती. ओल्या कापसाने त्यांचे ओठसुद्धा तीच ओले करत होती. आता ती खरं बोलणार आणि वडिलांची उरलीसुरली अब्रू कारखान्यात जाणार!

आईने पदर खोचला. "माझा जरा डोळा लागला तेवढ्यात गिळलीत? इथे मी तुमच्यापायी कडू चहा ढोसतेय, आणि तुम्ही पावशेर जिलेबी? लाज कशी वाटली नाही?"

ती अशी कडाडली, की पाहुणेच वडिलांची बाजू घेऊ लागले. डॉक्टरांनी एकदा नळीकडे पाहिलं, एकदा या दोघांकडे, आणि नळी घेऊन निघून गेले. तीन दिवसांनी पाणी पुन्हा निळं झालं.

पुढे कित्येक वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला आईने ती जिलेबी ऐकवली. आमच्या बदलापुरात ती न ऐकलेलं घर उरलं नसेल. एकदा पाहुणे गेल्यावर वडील वैतागले.

"अगं, पुरे आता. मी खाल्ली नव्हती, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "म्हणून तर सांगते."